विंचरलेला उतार

"बायकांच्या स्की तिकडे," कुर्दीन म्हणाला
आणि खिडकीजवळची रांग दाखवली.
जांभळी फुलं, चंदेरी पिसं,
एकीवर तर फुलपाखरू.
आइताने हातमोजे काढून खिशात कोंबले
आणि फुलपाखराकडे पाठ केली.

मी मागच्या खोलीत कुणाच्या तरी कडा घासत होते,
इस्त्रीखाली मेण वितळत होतं.
दार उघडंच असतं आमचं.

"मला फक्त विंचरलेल्या उतारासाठी हव्यात," ती म्हणाली.
"सकाळच्या, कुणी न मोडलेल्या.
खोल बर्फाची हौस मला कधीच नव्हती."

कुर्दीन सगळ्यांना विचारतो तेच त्याने विचारलं:
उंची? वजन? कितपत येतं?
उंची सांगितली तिने. वजनही,
बटाट्याच्या पोत्याचं सांगावं तसं, न लाजता.
तिसऱ्यावर अडली.

"मला उतार येतो," ती म्हणाली.
"त्याचं पोट कुठे सुटलंय, कुठे आत खडक आहे,
ओढ्यावरची फळी कुठे संपते,
मार्चमध्ये दुपारी दोननंतर कुठे गूळ होतो त्याचा.
एकवीस हिवाळे यंत्र चालवलं मी त्याच्यावर, रात्रीचं.
रोज विंचरून दिला, पोरीला शाळेत धाडावं तसा.
सकाळी मात्र मी झोपलेली असायचे."

कुर्दीन सहा वर्षांचा असल्यापासून
त्याच उतारावरून खाली येतो.
त्याने उगाचच काउंटर पुसला.

मग एक हलकी स्की काढली.
"वळायला सोपी. चूक झाली तरी माफ करते."
आइताने ती उभी धरली,
टोक एका हातात घेऊन दुसऱ्या तळव्याने पोटावर दाबली.
स्की वाकली, अगदी आज्ञाधारक.
"ही तर माझ्याआधीच नमते."

पुरुषांची एक, लांब, काळी.
ती तसूभरही हलली नाही.
"आणि ही सासऱ्यांसारखी आहे."

तेव्हा मी बाहेर आले, हाताला मेण तसंच.
कोपऱ्यातली गेल्या वर्षीची काढून दिली:
गडद हिरवी, आत पॉप्लर आणि अ‍ॅश,
पायाखाली अडुसष्ट मिलिमीटर,
एकशे छप्पन सेंटिमीटर, म्हणजे तिच्या हनुवटी-नाकाच्या मध्ये.
बूट जरा पुढे बसतो, बायकांच्या तोलाला.
"हीसुद्धा बायकांचीच," मी म्हटलं,
"फुलं काढायला विसरलेत."

दाबली तिने. थोडी वाकली,
मग हात परत वर ढकलला.
नख फिरवलं कडेवर, पांढरा भुगा उडाला.
पुन्हा फिरवलं.
किंमत विचारलीच नाही;
पाकीट काढलं, त्यावर लिफ्ट कंपनीचा शिक्का.
"घड्याळ पण दिलं त्यांनी निरोपाला. भाच्याला देऊन टाकलं.
रात्रीचे किती वाजले ते मला वासावरून कळतं."

बाइंडिंगचा स्क्रू मी जरा सैल ठेवला.
तिच्या गुडघ्याबद्दल ती काही बोलली नव्हती,
पण पायरी उतरताना मी पाहिलं होतं.

फुलपाखरू त्याच दुपारी गेलं.
झ्युरिकच्या सहा फुटी दंतवैद्याने नेलं, स्वतःसाठी,
फार खूश होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत आइता परत आली,
गाल लाल, टोपी वाकडी.
"तिसऱ्या वळणावर याखनच्या पोराने
पट्ट्यावर पट्टा चढवलाय. सांग त्याला.
आणि ओढ्यापाशी घाई करतो."

सांगते, म्हटलं. बाकी?

तिने काउंटरवरचा मेणाचा कीस बोटाने गोळा केला,
बराच वेळ.
"यंत्रात कधी ऐकू आलं नव्हतं," म्हणाली.
"कड लागली की आवाज होतो त्याचा.
कोरं कापड फाडावं तसा.
आधी वाटलं, माझंच काहीतरी फाटलं.
थांबून मागे वळून पाहिलं,
दोनच रेघा होत्या.
मग बाकीचा फाडत आले."